कडब्याच्या मागावर : म्हसवड ते सीनाकाठ, पाच दिवस

आबांना खरसुंडीचा जनावरांचा बाजार पुन्हा एकदा बघायचा होता. माझे वडील पशुधन पर्यवेक्षक म्हणून माण आणि आटपाडी तालुक्यांत राबले. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे पुण्यात आले, पण मन तिकडेच राहिलं. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराची दृश्यं टीव्हीवर दिसायला लागली तेव्हा दोन दिवस ते धड जेवले नाहीत. "दावी कापायला कुणी नव्हतं का गं?" असं मलाच विचारत राहिले.

मी शाळेत भूगोल शिकवते. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून दरवर्षी फळ्यावर माणदेशाचं नाव लिहिते. पौषातल्या जत्रेच्या सुमाराला पाच दिवसांची सवड काढली आणि आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. निघताना आबा म्हणाले, "तू पाऊस विचारत ये, मी कडबा विचारत येतो." कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, गुरांची वैरण. तेव्हा ते बोलणं मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

पहिला दिवस : पुणे – फलटण – म्हसवड

सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद करत फलटणला चहाला थांबलो. टपरीवाल्या मामांना आबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कडबा काय शेकडा?" मामांनी भाव सांगितला आणि लगेच पुढे म्हणाले, "पण काळा आहे. पांढरा कुणाकडं मिळायचा न्हाय आता."

काळा का, याचं उत्तर मे महिन्यात आहे. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो यापूर्वी कधी आल्याची नोंद नाही. त्याच दिवसांत फलटण, बारामती, इंदापूर भागात ओढे-नाले फुटून वाहिले. टीव्हीवर तुंबलेले रस्ते दिसले, खचलेले कालवे दिसले. पण रानात काय झालं ते मामांकडून कळलं. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, कणसं खुडली की ताटांच्या पेंढ्या बांधून वाळवतात आणि गंजी रचतात. गंजीला वरून शाकारणी करायची ती मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. पिढ्यान्‌पिढ्या हाच नेम. आवंदा पाऊस नेमाच्या दोन आठवडे आधी आला आणि उघड्या गंज्यांवर आठ-दहा दिवस पडत राहिला. आतून वाफ धरली, बुरशी आली. बुरशीचा कडबा गाभण जनावराला घातला तर गाभ टाकायची भीती असते, असं आबांनी सांगितलं. वर्षभराची वैरण मे महिन्यातच अर्धी गेली होती आणि आम्हाला शहरात 'यंदा उन्हाळा जाणवलाच नाही' याचं कौतुक होतं. त्या कौतुकात मीही होते.

मोगराळे घाट चढून वर आलं की हवा बदलते. ऊस मागे राहतो, माळ सुरू होतो. यंदा मात्र माळ हिरवट होता आणि पाझर तलावांत जानेवारीतही पाणी होतं. गोंदवल्याला दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि दुपारी म्हसवडला आबांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे पोचलो. मी त्यांना काका म्हणते. काकूंनी हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि खर्डा केला होता. थंडीत माडग्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो तेव्हा काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. ते पुण्यात केलेलं कधी तसं लागत नाही, हुलगेच वेगळे असावेत.

संध्याकाळी काकांनी छावणीची जागा दाखवली. आता तिथे मोकळं मैदान आहे, कडेला बाभळी. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी चालवली होती आणि २०१९ साली ती पुन्हा उभी करावी लागली. माणसं जनावरांसोबत येऊन राहिली होती. शेडनेटची सावली, एका बाजूला दावण, दुसऱ्या बाजूला चूल आणि अंथरूण. म्हातारे छावणीत, तरुण मुंबईला, मुलं गावात एकटी. त्या उन्हाळ्यात राज्यभर सरकारी अनुदानावरच्या छावण्यांत सुमारे १० लाख जनावरं होती. मोठ्या जनावराला दिवसाला ९० रुपये मिळत, मे महिन्यात ते १०० झाले.

"छावणीत जनावर जगतं," आबा म्हणाले, "पण नुसत्या उसाच्या वाढ्यावर ते आतून पोकळ होतं." वाढ्यातलं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांतलं, ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाय व्यायली की उठत नाही, दूध आटतं. कडबा घरचा असेल तर ही वेळ येत नाही. एका गंजीवर दोन बैल आणि एक गाय वर्ष काढतात. दोन गंज्या शिल्लक असतील तर एक दुष्काळ निघतो. या भागातल्या माणसाची खरी ठेव बँकेत नसते, ती गोठ्यामागे रचलेली असते. काकांच्या गोठ्यामागे पूर्वी तीन गंज्या असत, त्या मी लहानपणी पाहिल्यात. आता एक होती, तीही कमरेइतकी.

(जाणाऱ्यांसाठी : दहिवडी-म्हसवड भागात जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच. राहायला म्हसवडला साध्या लॉज आहेत. गोंदवल्याला मुक्काम करायचा असेल तर गुरुवार टाळा.)

दुसरा दिवस : राजेवाडी तलाव आणि आटपाडीचा गोठा

सकाळी राजेवाडीचा तलाव पाहिला. ब्रिटिश अमदानीतला हा तलाव माणगंगेवर आहे. काठोकाठ भरलेलं पाणी, त्यावर धुकं, आणि धुक्यातून बाहेर येणारा मेंढरांचा कळप. काठावरचे आजोबा म्हणाले, "ह्यो तलाव कोरडा ठणठणीत बघितलाय मी, हितनं चालत पलीकडं गेलोय. आन्‌ आता सांडवा थांबंना." मग त्यांनी बोटावर मोजलं : एकोणीसला छावणी, त्याच साली दिवाळीत पूर, तेवीसला पुन्हा टँकर, पंचवीसला मे महिन्यात पूर. "दुष्काळ आमच्या वळखीचा हाय, ताई. त्याच्यासंगं कसं वागायचं ते ठावं हाय. पण दुष्काळ आन्‌ वल्ला दुष्काळ एकाआड एक यायला लागलं, तर माणसानं गंजी रचायची का नाव बांधायची?"

हा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा लिहून घेतला. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे मी वर्गात शिकवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा आहेत. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमीही, पण तो मध्येच दडी मारतो आणि मग एका रात्रीत पडतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आजोबांच्या बोटांवरचा हिशोब आणि हा हिशोब एकच आहे.

आटपाडीत शिरताना डाळिंबाच्या बागा आणि टेंभू योजनेचं पाणी दिसतं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढवत इथवर आणलं आहे. ते आपोआप आलेलं नाही. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या. समन्यायी पाणीवाटपाची मागणी घेऊन दुष्काळी तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं तिथे जमत राहिली. आबा त्या गर्दीत उभे राहिलेले आहेत. कालव्याजवळ गाडी थांबवून ते खाली उतरले, पाण्यात हात घातला आणि काही न बोलता परत बसले.

पाणी आलं तशा संकरित गाई आल्या. आबांच्या ओळखीच्या एका तरुण शेतकऱ्याच्या मुक्त गोठ्यावर दुपार गेली. अकरा होल्स्टिन गाई, कालवडी वेगळ्या, मुरघासाचे (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) मोठे बॅग, वर फॉगर. दादांनी अभिमानाने सगळं दाखवलं आणि तो अभिमान रास्त होता. गोठा आरशासारखा लख्ख होता.

मी विचारलं, "उन्हाळ्यात कसं होतं?"

दादांनी आधी आबांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्हाला काय सांगायचं. एप्रिलात अकरा वाजले की गाई धापा टाकायला लागतात. तोंडातनं लाळ, जीभ बाहेर. वैरण पुढ्यात पडून राहते. चोवीसच्या उन्हाळ्यात सकाळी चौदा लिटर देणारी गाय आठवर आली."

२०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष. आबांनी मला समजावलं ते असं : गाईच्या पोटात एक चूल सतत पेटलेली असते. चारा कोठीपोटात आंबतो, पचतो, त्यातून उष्णता निघते. जास्त दूध म्हणजे जास्त खाणं, जास्त खाणं म्हणजे मोठी चूल. होल्स्टिन थंड मुलखातली, तिला पंचवीस अंशांपर्यंत बरं वाटतं. बाहेर चाळीस अंश आणि हवेत दमटपणा असला की ती उष्णता बाहेर टाकू शकत नाही, मग ती स्वतःच चूल विझवते, म्हणजे खाणं सोडते. पशुवैद्यक तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुधाळ संकरित गाईला ताण सुरू होतो. आटपाडीत मार्च ते जून, दिवसाचे कितीतरी तास तो त्याहून वर असतो.

"आणि दुधाचं सोडा," दादांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या. त्या धार काढायला आल्या होत्या. "गाय उलटती त्याचं काय? उन्हाळ्यात माज मुका. कळतच न्हाय. कळला तर भरवायची, एकवीस दिवसांनी पुन्हा उलटली. एक वेत लांबलं की वर्षाचं गणित गेलं." उलटणं म्हणजे भरवूनही गाभ न धरणं. फॅट आणि एसएनएफही (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) उन्हाळ्यात उतरतात, आणि भाव ३.५ आणि ८.५ टक्क्यांवर ठरलेला. म्हणजे दूध कमी आणि असलेल्या दुधाला दरही कमी.

मी भाबडेपणाने म्हटलं, मग आपली खिलार गाय का नाही ठेवत, ती तर इथलीच. वहिनी हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "ताई, खिलार दोन-तीन लिटर देती, तेबी वासराला सोडून. पोराची फी दुधावर हाय." मला ते पटलं. पुण्यातून देशी गाईचे गोडवे गाणं सोपं आहे.

दादांच्या हाती उपाय आहेत आणि ते ते करतात. छपराची उंची वाढवली, पत्र्यावर चुना आणि उसाचं पाचट, दुपारी अर्ध्या अर्ध्या तासाने पाण्याचा फवारा आणि पंखा, वैरण पहाटे आणि रात्री. सगळ्यात मोठा आधार मुरघासाचा. पण यंदा तिथेही पावसाने गाठलं. मका चिकात आला तेव्हा रानात गुडघाभर चिखल, कुट्टी करणारं यंत्र आत जाईना. पंधरा दिवस गेले, मका वाळत आला. बॅग निम्मेच भरले.

रात्री तिथेच जेवलो. भोगीला आठवडाही उरला नव्हता, तरी वहिनींनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी पाहुण्यांसाठी आधीच केली.

तिसरा दिवस : खरसुंडी

खरसुंडीला सिद्धनाथाचं मंदिर आहे आणि पौषातल्या यात्रेला खिलार जनावरांचा बाजार भरतो. पहाटे साडेपाचला निघालो. उजाडताना माळावर पोचलो आणि मी अक्षरशः थांबले. दूरवर पांढरी शुभ्र दावण, प्रत्येक तोंडातून निघणारी वाफ, शेकोट्यांचा धूर, घुंगरमाळा. कोसा खिलार दुधासारखा, काजळी खिलाराच्या मानेवर आणि मांडीवर धुराची झाक. शिंगं तासून तेल लावलेली, मागे वळून टोकाला उभी, त्यावर पितळी शेंब्या. आबांची चाल बदलली. पंचाहत्तरीचा माणूस काठी काखेत मारून दावणीतून चालू लागला.

आदत, दुसा, चौसा, जुळलेला : दातांवरून वय सांगणारे हे शब्द मी लहानपणी ऐकले होते, आता समोर पाहिले. आबा खोंडाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात बघतात, मग हात मानेवरून गळ्याखालच्या पोळीकडे नेतात, कातडी चिमटीत धरून सोडतात. कातडी झटकन जागेवर आली की जनावर निरोगी. एका खोंडाच्या मानेवर त्यांची बोटं थांबली. आठ-दहा गोल, केस नसलेले डाग. "लंपीतून वाचलाय हा."

लंपी हा गुरांचा त्वचारोग २०१९ साली देशात पहिल्यांदा ओडिशात आढळला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात पसरला. तो पसरवतात गोचीड, डास आणि चावऱ्या माश्या. आबांच्या नोकरीच्या काळात हा आजार इथे नव्हता. ते म्हणाले, पाऊस लांबला, हिवाळ्याची थंडी उशिरा आली की माशीचे दिवस वाढतात. पूर्वी दिवाळीनंतर माशी मरायची. आता पौषातही गोठ्यात दिसते.

हेड्यांचे, म्हणजे जनावरांच्या दलालांचे, व्यवहार अजून रुमालाखाली चालतात. दोन हात, वर उपरणं, बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. एक गोऱ्हा माझ्यासमोर गेला, शर्यतीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून पळाऊ खोंडांना पुन्हा भाव आहे. हेडे म्हणाले, "शेतीला कोण घेतंय आता? शर्यत न्हाय तर खिलारच न्हाय." शर्यतीत जनावराला होणाऱ्या त्रासाबद्दल माझी मतं ठाम होती. अजूनही आहेत. पण ही जात आज कशावर टिकून आहे हेही मी तिथे पाहिलं.

दावणीच्या शेवटी एक म्हातारे बाबा बैलजोडी घेऊन उभे होते. जुळलेले बैल, वय झालेलं, पण काय देखणे! बाबा कुणाला हाक मारत नव्हते, भाव सांगत नव्हते. आबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"घरचं हायत?"

"घरच्याच गाईचं. दोघं सख्खं भाऊ."

"मग का काढलं?"

बाबांनी समोरच्या पेंढीतलं एक ताट उचललं, मोडून दाखवलं. आत पांढरा भेंड असायला हवा, तिथे राखाडी भुगा होता. "ह्ये खात न्हाईत. तोंड फिरवत्यात. आन्‌ नवी ज्वारी अजून पोटऱ्यात बी न्हाय. विकत घेऊन कवर घालू?"

मी भूगोलाच्या पुस्तकात हवामान बदल शिकवताना हिमनद्या आणि समुद्राची पातळी दाखवत आले. माझ्या हातात आता ते मोडलेलं ताट होतं. वासही घेतला, ओल्या पोत्याचा कुबट वास. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात दीड कोटीहून जास्त गाय-बैल होते, २०१९ च्या गणनेत ते सुमारे १० टक्क्यांनी घटून १ कोटी ३९ लाखांवर आले. त्या घटीत ट्रॅक्टर आहे, कायदे आहेत, मजुरी आहे, सगळं पावसाच्या माथी मारता येणार नाही. पण त्यातली किती जनावरं वैरणीवाचून दावणीवरून उठली असतील, हे त्या बाबांपाशी बसल्यावर जाणवलं. दुपारी आम्ही निघालो तेव्हा जोडी तिथेच होती.

(जाणाऱ्यांसाठी : बाजार पहाटे ते दहापर्यंत बघण्यासारखा असतो. पंचांग बघून यात्रेची तारीख स्थानिकांकडून पक्की करून घ्या. बैलाच्या मागून जाऊ नका, फोटो विचारून काढा. घरी गुरं असतील तर बाजारातून परतल्यावर चपला-बूट जंतुनाशकाने धुतल्याशिवाय गोठ्यात पाय ठेवू नका. रोख रक्कम जवळ ठेवा.)

चौथा दिवस : सांगोला – मंगळवेढा

सांगोल्याला थांबलो नाही, रस्त्याकडेला वाळलेल्या, उपटून टाकलेल्या डाळिंबाच्या झाडांचे ढीग पाहिले. तेल्या, मर आणि खोडकिडीने बागा गेल्या. तो विषय मोठा आहे, एका दुपारीत मावणार नाही.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. काळीभोर, भेगाळणारी जमीन. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि गाव दामाजीपंतांचं. बहामनी काळातल्या दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली करणाऱ्या दामाजींच्या मंदिरात आबांनी बराच वेळ हात जोडून ठेवले होते.

ही ज्वारी पावसावर येत नाही, ओलीवर येते. सप्टेंबरचा पाऊस काळ्या रानात मुरतो, मग वाफसा झाला (जमीन पेरणीजोगी सुकली) की पेरतात, आणि चार महिने पीक जमिनीतल्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर वाढतं. जगात फार थोडी पिकं इतक्या काटकसरीने धान्यही देतात आणि वैरणही. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' ही म्हण याच रानांतली. पण वाफसा हवा. यंदा सप्टेंबरभर पाऊस थांबलाच नाही. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा पेरणीचा खरा काळ, तो चिखलात गेला. बऱ्याच रानांत पेर नोव्हेंबरात झाली.

आम्ही ज्यांच्या रानात गेलो त्या मामींनी रानाचे दोन तुकडे शेजारी शेजारी दाखवले. एक मुरमाड, उताराचा, त्याला आधी वाफसा आला : तिथली ज्वारी माझ्या डोक्यावर, कणसं हुरड्यात. दुसरा खोल काळ्याचा, एरवी जो सोन्याचा तुकडा : ज्वारी कमरेइतकी, अजून निसवलेली नाही. "ह्या काळ्यावर माझी सासू मिरवायची," मामी म्हणाल्या. त्यांनी पानाच्या मागची बाजू उलटून दाखवली. मावा, आणि त्याखाली बोटाला लागणारा चिकटा. ढगाळ हवेत तो वाढतो, आणि चिकटा पडलेला कडबा जनावर तोंडात धरत नाही. उशिराची ज्वारी दाणे भरायच्या वेळी उन्हात सापडणार, ओल तोवर संपणार. दाणा बारीक, ताट बुटकं. धान्याचं नुकसान पंचनाम्यात येतं, बुटक्या ताटाचं कुठेच लिहिलं जात नाही.

आबांनी बांधावरून शेजारच्या रानातले कोवळे फुटवे दाखवले आणि मामींना बजावलं, "गुरं ह्यात सोडू नका, किराळ लागंल." ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं. मामी म्हणाल्या, "ठावं हाय डॉक्टर, पण भूक लागली की शेळी कुठं ऐकती."

मग हुरडा. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारलेले हिरवे दाणे, शेंगाची चटणी, गूळ, कवडीदही. मुरमाड तुकड्यातली कणसं मामींनी हात सोडून खुडली. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "पाहुण्याला हुरडा न्हाय म्हटलं तर पीक रुसतं." एवढा गोड हुरडा मी कधी खाल्ला नाही, आणि खाताना इतकं अवघडल्यासारखंही कधी झालं नाही.

(जाणाऱ्यांसाठी : मालदांडी विकत घ्यायची तर थेट शेतकऱ्याकडून, मार्चअखेर. शक्य असेल तर वर्षाची ज्वारी एकदमच घ्या. आपण भाकरी कमी केली म्हणूनही ज्वारीचं क्षेत्र घटलं आहे आणि त्याबरोबर कडबाही.)

पाचवा दिवस : सीनाकाठ

मोहोळवरून माढा तालुक्यात शिरलो. मालदांडीचं एम ३५-१ हे वाण याच मोहोळच्या केंद्रावर निवडून काढलेलं. सीनेचा पूल ओलांडताना पात्रात पाण्याची बारीक धार होती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात याच सीनेला पाणी चढल्याने महामार्गावरची पुणे-सोलापूर वाहतूक थांबवावी लागली होती, हे सांगून खरं वाटणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात माढा होता. पुढे दोन वर्षांत त्याच माढ्यात, अहिल्यानगर आणि धाराशिवकडे कोसळलेला पाऊस आणि वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी सीनेतून येऊन घराघरांत शिरलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दगावलेल्या दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये, खरडून गेलेल्या जमिनीला वेगळी मदत.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नदीपासून अर्धा किलोमीटरवर एक वस्ती. लिंबाच्या खोडावर पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या हाताच्या वर. रानात माती नाही, गोटे आहेत. सुपीक थर निघून गेला आणि खालचा मुरूम उघडा पडला. गोठ्यामागे जमिनीवर एक मोठा काळा गोल होता. आबांनी काठीने तो दाखवला. मला कळायला वेळ लागला. ती गंजीची जागा होती.

घरच्या मावशी साठीच्या. त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिणार नाही. रात्री दोनला पाणी आलं. अंधार, आरडाओरडा. आधी पोरं छपरावर चढवली, मग मालक गोठ्याकडे गेले. चार जनावरं दावणीला. दावी भिजून आवळलेली, गाठी सुटेनात, विळा सापडेना. दोन सुटली. एक पंढरपुरी म्हैस आणि तिची रेडी राहिली. "ती माझ्याकडं बघत हुती," मावशी म्हणाल्या, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

म्हैस वाहून गेली, त्यामुळे पंचनाम्याला दाखवायला काही नव्हतं. शेजाऱ्यांच्या साक्षीवर महिन्याभराने कागद झाला. मिळालेल्या पैशांत तशी दुसरी म्हैस येत नाही. पण पुरानंतरच्या चौथ्या दिवशी सांगली-साताऱ्याकडून वैरणीच्या गाड्या आल्या, हे सांगताना त्यांचा आवाज सावरला. त्या गाड्यांत मका होता, ऊस होता, आणि थोडा कडबाही. "ज्यांच्याकडं पिण्याला पाणी नसायचं, त्यांनी वैरण धाडली." आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

निघताना मावशींनी नवी म्हैस दाखवली. माहेरच्यांनी दिलेली, पहिलारू. आबांनी सवयीने कासेवर हात फिरवला, डोळे पाहिले, चांगली आहे म्हणाले. मग त्यांचं लक्ष खुंट्याकडे गेलं. गाठ वेगळी होती.

"ही कुणी शिकवली?"

"मीच काढली. चार-पाच दिस दोरी घेऊन बसले हुते." मावशींनी दाव्याचं लोंबतं टोक नातवाच्या हातात दिलं. पोरगं सात वर्षांचं असेल. त्यानं एका हाताने टोक ओढलं, गाठ एका झटक्यात सुटली आणि म्हैस मोकळी झाली. "म्हशीनं कितीबी वढलं तरी सुटत न्हाय, टोक वढलं की सुटती. वल्ली असली तरी."

आबा खाली बसले. त्यांनी ती गाठ दोनदा चुकीची बांधली, नातवाने दोन्ही वेळा सोडवून दाखवली. तिसऱ्यांदा जमली. मग त्यांनी मला हाक मारली आणि दावं माझ्या हातात दिलं.